परतीची काळीपिवळी

ऑगस्टमध्ये माझ्या शाळेची मुलींची टीम जिल्ह्याच्या शालेय फुटबॉल स्पर्धेत टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकवर, हरली. शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. मी गेली अकरा वर्षं जर्मनीत, हॅनोव्हरला. शेवटची किक माझ्या भाचीची होती. नववीत आहे ती. पावसानं मैदानाचा गारा झालेला, फक्कीच्या रेषा वाहून गेलेल्या, पेनल्टीची जागा पंचांनी पावलं मोजून दाखवली. तिनं मारलेला बॉल थेट गोलीच्या हातात गेला. फोनवर तिनं हे सगळं धडाधडा सांगून टाकलं आणि मग थांबली. "मामा, काळीपिवळीत घरी येईपर्यंत माह्यासंग कोनीच नाही बोललं. सर रागावले असते तरी चाललं असतं."

त्याच रात्री आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर चर्चा पेटली. सूर एकच. पोरींमध्ये दम नाही, मन कच्चं आहे. एकानं लिहिलं, "आजकालच्या पोट्ट्यायले काही बोलायची सोय नाही. आम्ही छड्या खाऊन घट्ट झालो." त्याला पंचवीस अंगठे. मी विरोधात लिहिलं तर उत्तर आलं, तू तिकडं आरामात बसला आहेस, इथलं जगणं कठीण आहे, पोरांना कठीणच करावं लागतं.

मला हे मनापासून पटत नाही, आणि ते मी जर्मनीत शिकलेलो नाही. त्याच शाळेत मी गोली होतो. एका मॅचमध्ये मी बॉल घ्यायला पुढे आलो, चुकलो आणि गोल झाला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर मला कोंबडा करून उभं केलं. त्यानंतर मी पुढे येणंच सोडलं. गोललाईनला चिकटून राहायचो. लाईनवर उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणायचे, त्यानं मारलाच जोरात. पुढे येऊन खाल्ला तर चूक माझी. अपमानानं मी घट्ट झालो नाही, लपायला शिकलो. छड्या खाऊन घट्ट झालेले आज ग्रुपवर बोलतात, पण ज्यांनी खेळच सोडला ते या चर्चेत दिसतच नाहीत.

इथे मी शनिवारी सकाळी एका छोट्या क्लबात आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवतो, बिनपगारी, दुसऱ्या दोन पालकांबरोबर. जर्मन फुटबॉल संघटनेनं 2024-25 च्या हंगामापासून लहान मुलांच्या खेळाची रचना देशभर बदलली. अगदी लहानांसाठी दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन, चार छोटे गोल, आणि या वयात गुणतालिका नाही. त्यावर इथेही रान उठलं. बोरुसिया डॉर्टमुंड या मोठ्या क्लबचे हान्स-योआखिम वात्सके यांच्यासारख्या वजनदार माणसानं उघड टीका केली की हरण्याची सवयच नसेल तर जिंकण्याची जिद्द कुठून येणार. म्हणजे आमच्या ग्रुपवरचा मुद्दा अगदी इथल्या मोठ्या टेबलावरही आहे.

तो मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण मैदानात उभं राहिल्यावर वेगळंच दिसतं. तालिका नसली तरी पोरांना स्कोअर तोंडपाठ असतो. एका सकाळी सहा-सात छोट्या मॅच होतात. जिंकणारी टीम एक मैदान वर सरकते, हरणारी एक खाली. गेल्या महिन्यात आमच्यातला एक मुलगा पहिल्या तीन मॅच हरून माझ्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून रडला. चौथ्या मॅचची शिटी झाली तेव्हा नाक पुसत निघून गेला, कारण उभं राहायला माणूस कमी पडत होता. एका सकाळीत तो तीनदा हरला आणि तीनदा परत उभा राहिला.

आता आपल्याकडे पाहा. शालेय स्पर्धा बाद पद्धतीची. एक मॅच हरली की वर्ष संपलं. माझ्या भाचीनं वर्षभरात खऱ्या मॅचमध्ये मारलेली पेनल्टी ती एकच. त्या एका किकवर शाळेचं नाव, दहावीच्या वाढीव गुणांची मोठ्या मुलींची आशा, सरांची वर्षाची मेहनत, सगळं टांगलेलं. ज्या पोरीला हरायची संधीच वर्षातून एकदा मिळते तिच्याकडून आपण खंबीरपणा मागतो. मन कच्चं नाही हो, मॅच कमी आहेत.

आणि पेनल्टी चुकते, जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंचीही. विश्वचषकाच्या टायब्रेकरमध्ये साधारण दहापैकी सात किक आत जातात, तीन नाही. इंग्लंडच्या गॅरेथ साउथगेटनं 1996 च्या युरो स्पर्धेत जर्मनीविरुद्ध पेनल्टी घालवली. बावीस वर्षांनी तोच प्रशिक्षक होता, तेव्हा इंग्लंड कोलंबियाविरुद्ध विश्वचषकातला आपला पहिला टायब्रेकर जिंकलं. त्यानं खेळाडूंना दमदाटी केली नव्हती. चालत जाणं, बॉल ठेवणं, श्वास घेणं, शिटीनंतर घाई न करणं, याचा सराव घेतला होता. नॉर्वेचे संशोधक गाइर योर्डेट यांनी टायब्रेकरमधल्या शेकडो किक तपासून दाखवलंय की शिटी वाजताच सुटणारे जास्त चुकतात. भाचीला विचारलं तर म्हणाली, "शिटी झाली अन् मारूनच दिलं. लवकर संपावं असं वाटून रायलं होतं."

जर्मनीनं 1982, 1986, 1990 आणि 2006 असे विश्वचषकातले चार टायब्रेकर जिंकले. 2006 चा अर्जेंटिनाविरुद्धचा माझ्या सगळ्यात जवळचा. गोली येन्स लेहमानच्या मोज्यात एक चिठ्ठी होती, कोण कुठे मारतो याची. शेवटी आलेल्या कांबियासोचं नाव तिच्यात नव्हतं, तरी लेहमाननं ती काढून नीट वाचली, परत खोचली आणि बॉल अडवला. त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. ज्याची गोलीची जागा लेहमानला मिळाली तो ऑलिव्हर कान टायब्रेकरच्या तोंडावर त्याच्याजवळ गेला, हात हातात घेतला, दोन शब्द बोलला. दोघांचं पटत नव्हतं हे साऱ्या जर्मनीला माहीत होतं. माझ्या मनात चिठ्ठीपेक्षा तो हात जास्त राहिला आहे.

मी राहतो त्या शहराचा गोली होता रॉबर्ट एन्के. जर्मनीकडून खेळला. बाहेरून शांत, भक्कम. 10 नोव्हेंबर 2009 ला, बत्तिसाव्या वर्षी, त्यानं आयुष्य संपवलं. नैराश्याचा आजार तो वर्षानुवर्षं लपवत होता. स्टेडियमसमोरच्या रस्त्याला आता त्याचं नाव आहे आणि तिथून जाताना मला दरवेळी गाव आठवतं. "मन घट्ट कर" एवढंच ऐकत राहिलेला माणूस काय करून बसतो हे यवतमाळ जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

इथलं सगळं उचलून तिथे नेता येणार नाही, हे मला कळतं. आमच्या सरांकडे साठ पोरं, तीन बॉल, त्यातला एक शिवलेला, आणि क्रीडा तासाला गणिताचे सर येऊन बसतात. माझ्या क्लबात हिरवळ आहे, दिवे आहेत. पण छोट्या मॅचला हिरवळ लागत नाही. कापणीनंतरचं मोकळं वावर, चार बल्ल्या, शेजारच्या दोन गावांच्या शाळा, महिन्यातून एक रविवार. बाद कुणी होणार नाही, दिवसभर सगळे खेळतील. नागपूरला विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना गोळा केलं तेव्हा त्यांच्याकडे तरी काय होतं? सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, मधल्या रेषेपासून एकट्यानं चालत येऊन एक पेनल्टी. चुकली तर अर्ध्या वाटेत घ्यायला अख्खी टीम. याला पैसा लागत नाही.

सर, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहितो. तुम्ही त्या दिवशी मुद्दाम गप्प बसला नव्हता, तुम्हालाही वाईट वाटलं होतं, हे मला माहीत आहे. दिवाळीत येतोय, चार बॉल आणि पंप घेऊन. रविवारच्या मॅचचं आपण बसून ठरवू. तोवर एवढं करा. पुढच्या वेळी कुणाची पेनल्टी चुकली तर परतीच्या काळीपिवळीत त्या पोरीला मागे खिडकीशी एकटी बसू देऊ नका. पुढे, तुमच्या शेजारी बसवा.