दोन कार्डांची खतावणी

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षे काढलेल्या माणसाला दोन अर्ज शेजारी ठेवून त्यांतला बरा कोणता हे ठरवता येत नसेल, तर त्याने आपली नोकरी कुठे झाली हे निवृत्तीनंतर कुणाला सांगू नये, असे माझे मत होते. म्हणूनच आषाढातल्या एका संध्याकाळी, एरवी पंख्याच्या वेगावरूनही ज्यांचे जमत नाही ते माझे मुलगा आणि मुलगी संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड हवे म्हणून एकत्र येऊन उभे राहिले, तेव्हा मी चष्मा पुसला, जुन्या खतावणीचे कोरे पान काढले आणि मधोमध पट्टीने रेघ मारली. मुलगी वास्तुकला शिकते. घरांची त्रिमितीय चित्रे करण्यासाठी तिला आरटीएक्स ३०६० हवे होते. मुलाला खेळण्यासाठी आरटीएक्स ४०६० हवे होते. त्याने ते ‘अभ्यासासाठी’ असे सांगितले नाही, एवढा प्रामाणिकपणा मी त्याच्या खाती जमा केला.

पहिली ठेच नावालाच लागली. ४०६० मधून ३०६० वजा करून मी समासात १००० लिहून मोकळा झालो होतो. मुलगा म्हणाला, “बाबा, ते आकडे वजा करायचे नसतात.” पहिले दोन आकडे पिढीचे आणि शेवटचे दोन त्या पिढीतल्या मानाचे. म्हणजे दोघेही आपापल्या घरातले साठच. एक २०२१ च्या फेब्रुवारीत आलेला, दुसरा २०२३ च्या जूनमध्ये. जुन्या पिढीचे नाव अँपियर, नव्या पिढीचे एडा लव्हलेस. पैकी अँपियर यांना मी घरातल्या फ्यूजमुळे ओळखत होतो. लव्हलेस बाईंनी बॅबेज यांच्या कधीच पूर्ण न झालेल्या यंत्रासाठी १८४३ साली आज्ञावली प्रसिद्ध केली, ही माहिती मुलीने मोठ्या कौतुकाने दिली. यंत्र नसताना त्याचे कागद तयार असण्याचे कर्ज विभागातल्या माणसाला काय कौतुक!

मग मी रकाने भरले. कुडा कोअर, म्हणजे कार्डातली आकडेमोड करणारी माणसे, डावीकडे ३५८४, उजवीकडे ३०७२. मेमरी १२ जीबी विरुद्ध ८ जीबी. मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी, १९२ बिट विरुद्ध १२८ बिट. सेकंदाला वाहून नेता येणारा माल डावीकडे ३६० जीबी, उजवीकडे २७२. ही शेवटची ओळ तेवढी मला स्वतः ताडून पाहता आली, कारण १९२ ला १५ ने आणि १२८ ला १७ ने, म्हणजे त्या-त्या मेमरीच्या गिगाबिटांतल्या वेगाने, गुणून आठाने भागले की हेच आकडे येतात. त्या रात्री मला शांत झोप लागली. प्रत्येक ओळीत डावी बाजू भारी होती. असा अर्ज मी दुपारच्या चहाआधी मंजूर केला असता.

सकाळी मुलाने थंडपणे सांगितले की १०८०पी पडद्यावर बहुतेक खेळांत ४०६० हेच साधारण पाचव्या हिश्श्याने पुढे असते. ज्याच्याकडे जमीन कमी, माणसे कमी, गोदाम लहान, त्याचेच उत्पन्न जास्त, असा खातेदार आमच्याकडे आला असता तर मी त्याची चौकशी लावली असती. तीच इथेही लावली. ३०६० चे घड्याळ १७७७ मेगाहर्ट्झपर्यंत धावते, तर ४०६० चे २४६० पर्यंत. म्हणजे माणसे थोडी, पण हात चालवणारी. शिवाय एल२ कॅश डावीकडे ३ एमबी आणि उजवीकडे चक्क २४. ही कॅश म्हणजे रोख नव्हे, हे कळायला मला एक दिवस लागला. ती काय करते, ते मात्र पत्नीने काहीही न वाचता दाखवून दिले: मिसळणाचा डबा तिच्या हाताशी असतो, म्हणून फोडणी घालताना कोठीच्या खोलीत धावावे लागत नाही. डबा मोठा असेल तर कोठीची वाट अरुंद असूनही चालते.

विजेचा हिशेब मी आपण होऊन केला आणि पस्तावलो. पूर्ण भाराला ३०६० ला १७० वॅट लागतात, ४०६० ला ११५. आमच्या फोंड्यात पावसाळ्यात वीज केव्हा पाठ फिरवील हे सांगता येत नाही आणि घरचा ६०० व्हीएचा यूपीएस आताच दम्याचा रुग्ण आहे, तेव्हा हा ५५ वॅटांचा फरक लहान नव्हे. रोजच्या चार तासांनी वर्षाला सुमारे ८० युनिट होतात, असे मी लिहिले. मुलाने त्या पानाचा फोटो काढून ठेवला. रोज चार तास खेळण्यास वडिलांची लेखी मंजुरी आहे, असे तो आता आईला सांगतो.

चाचण्यांच्या निकालांतले सरासरी फ्रेमचे, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचे, आकडे मला मुळीच पटत नाहीत. फोंडा–पणजी बस सरासरीने वेळेवरच पोहोचते. पण मला महत्त्वाचे काम असते त्या दिवशी ती बाणस्तारीला कुणाची तरी वाट पाहत उभी राहते. कार्डांच्या बाबतीत त्या दिवसाला, म्हणजे सर्वांत रखडलेल्या एक टक्का चित्रांच्या वेगाला, ‘एक टक्का लो’ म्हणतात, आणि शहाण्याने तोच आकडा पाहावा. फ्रेम जनरेशन हा प्रकार तर आमच्या जत्रेतल्या नाटकाचाच. ४०६० दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र मनाने रचून घालते, जसा पाठांतर कच्चे असलेला नट दोन संवादांत पदरचे वाक्य घालतो. प्रेक्षकांना नाटक वेगवान वाटते. समोरच्या नटाला मात्र उत्तर देण्यासाठी क्षणभर ताटकळावे लागते. ३०६० ला ही कला शिकवलेली नाही.

इथवर मुलगा जिंकत होता. मग मुलीने शांतपणे आपल्या वाड्याचे चित्र उघडले. खांब, कौले, तुळस, प्रत्येक पानाची सावली, आणि मेमरीची गरज १० जीबीच्या पुढे. ८ जीबीत न मावलेला माल संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवावा लागतो आणि तिथे जाण्यासाठी ४०६० कडे पीसीआयई या जोडणीच्या आठच लेन, म्हणजे मार्गिका, आहेत. ३०६० कडे सोळा. त्यातून आमच्या मदरबोर्डावरची ही जोडणी तिसऱ्या पिढीची असल्याने प्रत्येक लेन चौथ्या पिढीच्या निम्म्याच वेगाची. म्हणजे रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागावी आणि फेरीबोट एकच असावी, तशी गत.

शेवटी मी मुलीच्या बाजूने निकाल दिला आणि भर पावसात पणजी गाठली. दुकानातल्या मुलाने दोन्ही खोकी पुढ्यात ठेवली. “काका, दोनूय बरीं. खंयचें दिवं?”

३०६० ची किंमत माझ्या अंदाजापेक्षा बरीच कमी निघाली. ३१ वर्षांच्या सवयीने मी खोके आडवे करून बारीक अक्षरे वाचली. नाव तेच, कोअर तेच ३५८४. पण मेमरी ८ जीबी, बस १२८ बिट, म्हणजे गुणाकार करून २४० जीबी. आमच्या शाखेत एकाच नावाचे तीन खातेदार होते आणि त्यांतल्या एकाचा धनादेश कधी वटत नसे, त्याची मला तीव्रतेने आठवण झाली.

घरी पोहोचलो तेव्हा वीज गेली होती आणि यूपीएस कोकलत होता. दोन्ही मुले दारातच उभी होती.

“बाबा, कुठले आणले?”

मी ओली छत्री मुलाच्या हाती दिली आणि मुलीकडे पट्टी मागितली. जुन्या पानावर तिसऱ्या रकान्याला जागा उरली नव्हती.