अंतराळ मरीन दलाचा तो तक्ता: हवालदार काढून दल उभं राहत नाही

‘अंतराळ मरीन दल कसं उभारावं’ असा सहा नियमांचा एक तक्ता सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. विज्ञानकथा लिहिणाऱ्या आणि खेळ रचणाऱ्या पोरांसाठी म्हणे. मरीन म्हणजे जहाजावरून उतरून लढणारे सैनिक, इथे यानावरून. साताऱ्यात शाळेत असलेल्या माझ्या भाचीने स्पर्धेच्या कथेसाठी तो जसाच्या तसा उतरवून घेतला, आणि तिच्या दलात एकही नाईक-हवालदार, म्हणजे शिपाई आणि अधिकारी यांच्या मधला माणूस, उरला नाही. आपशिंगे मिलिटरी हे सैनिकांचं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या पोरीने हे लिहावं, याचा राग येतो. तिचा नाही, तक्त्याचा. ‘काल्पनिकच तर आहे, काहीही चालतं’ हे उत्तर मला कुणी देऊ नये. यान काल्पनिक असू द्या. माणसाचा श्वास आणि हुकूम पोचायला लागणारा वेळ कल्पनेने बदलत नाही.

तक्त्यातला सगळ्यात घातक नियम हाच: ‘अंतराळात सगळे अधिकारीच हवेत. नियंत्रण कक्ष प्रत्येक सैनिकाला थेट आदेश देईल, त्यामुळे नाईक, हवालदार, सुभेदार ही पदं कालबाह्य.’

आधी अंतर बघा. रेडिओ संदेशाला चंद्रापर्यंत एका बाजूने साधारण १.३ सेकंद लागतात. मंगळापर्यंत ग्रहांच्या जागेनुसार ३ ते २२ मिनिटं. म्हणजे मंगळावरच्या शिपायाने ‘डावीकडे वळू का?’ विचारलं तर पृथ्वीवरून उत्तर यायला पाऊण तासही जाईल. बरं, नियंत्रण कक्ष जवळच्या यानात आहे असं धरू. तुकडी शत्रूच्या धातूच्या यानात शिरली की दोन बोळ ओलांडेपर्यंत रेडिओ तुटतो. आतमध्ये हुकूम देणारा माणूस आतच लागतो.

१६ जुलै २०१३ ची घटना घ्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना अंतराळवीर लुका पार्मितानोच्या हेल्मेटमध्ये पाणी साचायला लागलं, जवळजवळ दीड लीटर. नाकाडोळ्यांवर पाण्याचा गोळा चढला. जोडीला ख्रिस कॅसिडी होता, तो जवळ येऊन बघू शकला. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाने स्पेसवॉक थांबवला आणि दीड तासाच्या आसपास दोघं परतले. पार्मितानो शेवटी दोरीच्या अंदाजाने चाचपडत एअरलॉकपाशी, म्हणजे आत-बाहेर करायच्या दुहेरी दारांच्या खोलीपाशी, आला. इथे नियंत्रण कक्षाने निर्णय घेतला हे खरं, पण स्थानक पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवर आहे आणि बोलणं तत्काळ पोचत होतं. हाच प्रसंग मंगळाजवळ घडला तर ‘परत फिरा’ हा शब्द येईपर्यंत माणूस हेल्मेटात बुडालेला असेल. तिथे ‘मागे फीर’ म्हणणारा माणूस हाताच्या अंतरावर लागतो, त्याला तसा अधिकार लागतो आणि त्याचं ऐकायची सवय लागते. त्यालाच नाईक म्हणतात.

हवालदाराचं काम हुकूम ओरडण्याचं नाही. बाहेर पडण्याआधी तो तुकडीतल्या प्रत्येकाचा ऑक्सिजनचा दाब बघतो, हातमोज्यांची कडी ओढून पाहतो, कार्बन डायऑक्साइड शोषणारं काडतूस नवं आहे का ते तपासतो आणि प्रत्येकाचा आवाज रेडिओवर ऐकतो. घाबरून भराभरा श्वास घेणाऱ्याचं काडतूस लवकर संपतं आणि त्याचं डोकं दुखायला लागतं. हे तो पोरगा स्वतः सांगत नाही, हवालदाराने ओळखायचं असतं. अधिकाऱ्याचं लक्ष नकाशावर असतं, हवालदाराचं माणसांवर.

आता दुसरा नियम: ‘एका तुकडीत १०० मरीन, एक कमांडर.’ हा लिहिणाऱ्याने एअरलॉकचा विचारच केलेला नाही. आजच्या अंतराळ स्थानकाच्या ‘क्वेस्ट’ एअरलॉकमधून पोशाख घातलेली दोन माणसं एका वेळी बाहेर पडतात. तुमचं यान फार पुढचं आहे असं समजू आणि एका फेरीला फक्त १५ मिनिटं देऊ. १०० माणसांना ५० फेऱ्या, म्हणजे साडेबारा तास. पोशाखातली हवा साधारण ८ तासांची. शेवटची जोडी बाहेर यायच्या कितीतरी आधी पहिल्या जोडीची हवा संपलेली असेल. शिवाय पोशाखातला दाब आपल्या नेहमीच्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतो. आधी शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेऊन रक्तातला नायट्रोजन काढला नाही तर सांधे धरतात. तो वेळ मी अजून धरलेलाच नाही.

दहाचा हिशेब मात्र बसतो: पाच फेऱ्या, सव्वा तास. आणि हा दहाचा आकडा आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पायदळाची रचना दिली आहे: दहा माणसांस एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एकहजारी. कोणाच्याही हाताखाली थेट शेकडा माणसं नाहीत. भारतीय पायदळाचं सेक्शन, म्हणजे सगळ्यात लहान तुकडी, आजही दहाच्या आसपासचंच असतं. अमेरिकी मरीन १९४४ मध्ये चार-चार जणांच्या तीन टोळ्या आणि वर एक प्रमुख, अशा १३ जणांच्या रचनेवर आले, कारण लढाईच्या गोंगाटात एक माणूस तीन-चार जणांनाच नीट सांभाळू शकतो.

याच बखरीत तक्त्याच्या तिसऱ्या नियमालाही उत्तर आहे. ‘प्रत्येक मरीन लढवय्या, तंत्रज्ञ यानातच राहतील.’ महाराजांच्या पागेत २५ घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा) होता. म्हणजे दुरुस्तीचा माणूस तुकडीचाच भाग होता. अंतराळात घोड्याच्या जागी पोशाख आहे. २००७ मध्ये एका अंतराळवीराच्या हातमोज्याला चीर दिसली एवढ्यावर त्याचा स्पेसवॉक आवरता घेतला गेला. हातमोजे सगळ्यात आधी झिजतात, कारण सगळं काम हातांनी, तेही धारदार कडा पकडत. म्हणून माझ्या मते सेक्शन असं हवं: एक हवालदार, नाइकासह चार-चार जणांच्या दोन टोळ्या आणि पोशाख दुरुस्त करणारा एक. दहा माणसं, पाच जोड्या. हवालदार आणि दुरुस्तीवाला ही शेवटची जोडी. अशी तीन सेक्शनं, वर एक सुभेदार, एक लेफ्टनंट, एक रेडिओवाला, एक वैद्यकीय सहायक: ३४ जणांची प्लाटून.

‘यानाचा कॅप्टन आणि मरीन कॅप्टन एकच दर्जाचे’ हा निव्वळ अज्ञानाचा नियम. नौदलाचा कॅप्टन थळसेनेच्या कर्नलच्या बरोबरीचा. थळसेनेचा कॅप्टन नौदलाच्या लेफ्टनंटच्या. तीन पायऱ्यांचा फरक आहे. त्याच ओळीत ‘यानावर यानाच्या कॅप्टनचाच शब्द अखेरचा’ असं म्हटलंय, ते अर्धं मान्य करावं लागेल. दार कधी उघडायचं, दाब कधी सोडायचा, हे त्याचंच. पण मरीनांनी कसं लढायचं हे त्यांचा कमांडर ठरवतो. महाराजांच्या गडावर हवालदार (इथे गडाचा मुख्य अधिकारी), सबनीस (हिशेब बघणारा) आणि सरनोबत (फौजेचा प्रमुख) एकाच दर्जाचे होते, एकट्याच्या हाती गड नव्हता. कथेसाठी यापेक्षा चांगला संघर्ष कुठे मिळणार?

पुढे तक्ता म्हणतो: ‘अशी दलं खरोखर आहेत, आपले मार्कोस आणि अमेरिकेचं स्पेस फोर्स.’ नाहीत. मार्कोस हे १९८७ मध्ये उभं राहिलेलं नौदलाचं विशेष दल आहे. भारताला स्वतंत्र मरीन दलच नाही. अमेरिकेचं स्पेस फोर्स २० डिसेंबर २०१९ ला स्थापन झालं, आणि त्यांचं काम उपग्रह व रडारचं. त्यांनी खालच्या पदांची नावं बदलून ‘स्पेशालिस्ट’ १ ते ४ ठेवली, हे कबूल. पण त्यावर सार्जंट आहेतच. पदांची नावं बदलता येतात, पायरी काढता येत नाही.

राहिला शेवटचा नियम, पद दाखवायला छातीवर धातूचे तारे लावायचा. पोशाखाच्या छातीवर नियंत्रणाची पेटी असते. तिथे तारे दिसणार नाहीत आणि टोकदार धातू कापडाला लागणार. चंद्रावरच्या फोटोंत कोण कोण ते ओळखू येईना म्हणून अपोलो १३ पासून कमांडरच्या पोशाखावर तांबडे पट्टे आले. तेच करा. नाइकाला दंडावर एक रुंद पट्टा, हवालदाराला दंडावर आणि मांडीवर, सुभेदाराला हेल्मेटवरही, आणि पाठीच्या हवापेटीवर सगळ्यांचा क्रमांक, कारण रांगेत मागच्याला पुढच्याची पाठच दिसते.