झाडाखाली बसल्यानं लेकरं गुदमरत नाहीत, बापा!

परवा माझ्या भाचेसुनेनं अंगणवाडीच्या ताईंना निरोप धाडला, "आमच्या बाबूले झाडाखाली बसवू नका." बाबू साडेचार वर्षांचा. अंगणवाडीच्या आवारात एक पळस आणि एक कडुनिंब आहे. ताई दर शनिवारी सकाळी पोरांना तिथं तासभर नेतात, पानं गोळा करायला लावतात, खोडाला हात लावायला लावतात. गुन्हा एवढाच. मी फोन केला तर म्हणते, "मावशी, ग्रुपवर आलं होतं. तुम्हाला पाठवते, वाचून पाहा."

वाचलं. "पालकांनो सावधान!" अशी सुरुवात, मग लाल ठिपके आणि हात जोडलेल्या आकृत्या. म्हणणं थोडक्यात असं : झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि लहानग्यांची फुप्फुसं नाजूक, म्हणून झाडाखाली गुदमरण्याचा धोका, चोवीस तास ऑक्सिजन देणारा फक्त पिंपळ. बाहेरच्या उजेडानं लहानपणीच चष्मा लागतो. झाडं विषारी असतात. खेड्यातल्या पोरांना झाडं माहीतच असतात, तीच पुन्हा शिकवणं म्हणजे त्यांना मजूरच ठेवण्याचा डाव, शहरातली मुलं तेव्हा कोडिंग शिकतात. आणि शेवटी, मोबाईलवर पाच मिनिटांत पन्नास झाडं दाखवता येतात, मग चिखल कशाला तुडवायचा? खाली अर्थातच "शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे". कोणत्या, ते नाही.

आमच्या भागाचं नावच झाडीपट्टी. इथं राहून झाडाला भ्यायचं म्हणजे कोळ्यानं पाण्याला भ्यावं तसं झालं. मी 22 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवते आहे, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

आधी ते गुदमरणं. झाड उजेडात कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. श्वसन त्याचंही आपल्यासारखं दिवसरात्र चालू असतं, म्हणून अंधारात त्याच्याकडून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण अंगणवाडी भरते सकाळी! आणि रात्रीचं म्हणाल तर उन्हाळ्यात अर्धं गाव अंगणातल्या झाडाखाली खाटा टाकून झोपतं, सकाळी सगळे उठून चहा मागतात. उघड्यावर हा वायू वाऱ्यानं कुठच्या कुठं पांगतो. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम 0.04 टक्के. तो खरंच साचतो कुठं? एक खिडकी असलेल्या, दार लोटलेल्या खोलीत पंचवीस पोरं बसवा. तिथं हे प्रमाण दुपटी-तिपटीवर जायला वेळ लागत नाही, आणि दुपारी पोरं पेंगतात त्यात त्या कोंदट हवेचाही वाटा असतो. ज्याला या वायूची एवढी धास्ती आहे त्यानं लेकराला पहिल्यांदा बाहेर काढावं. पिंपळाचं म्हणाल तर ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. पिंपळ असो की बाभूळ, रात्री दोघांचंही दुकान बंद.

चष्म्याचं तर नेमकं उलटं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. 6 शाळांत रोज 40 मिनिटांचा जादा तास बाहेर मोकळ्यावर, बाकीच्या 6 शाळा नेहमीसारख्या. तीन वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या शाळांत 39.5 टक्के मुलांना लांबचं धूसर दिसायला लागलं होतं, बाहेर जाणाऱ्यांत 30.4 टक्क्यांना. 2015 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. म्हणजे बाहेरच्या उजेडानं चष्मा लागत नाही, काही मुलांचा तर टळतो. सूर्याकडे टक लावून बघायला कोणी सांगत नाही, आणि मे महिन्यात 45 अंशांवर दुपारी कोणती ताई पोरांना बाहेर काढते?

विषारी झाडांचा मुद्दा मात्र, नाइलाजानं, अर्धा मान्य. आमच्याकडे चंद्रज्योत कुंपणाला सर्रास लावतात. तिचं फळ पिवळं पडून उकलतं, आत काळ्या बिया. चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून पोरं खातात आणि ओकाऱ्या-जुलाबानं दवाखान्यात जातात. असल्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. कण्हेर, धोतरा, गुंजा याही तोंडात घालायच्या वस्तू नाहीत, बिब्ब्याचं तेल अंगावर उततं. आभाळ कडाडत असेल तर झाडाखाली थांबायचं नाही. वाघाच्या रानात तर चिमुकल्यांना न्यायचंच नाही, आवारातलं झाड पुरे. पण चंद्रज्योतीची बी ओळखायची कुठं? कुंपणाशी उभं करून, बोट दाखवून, "हे खायचं नाही" असं सांगूनच ना. खोलीत बंद ठेवलेलं पोर सुटल्या सुटल्या त्याच कुंपणाशी जाणार आहे.

आता तो "मजूर" शब्द. खरी आग त्यानं लागली. भाचेसुनेला कार्बन डायऑक्साइडची भीती कमी आणि याची जास्त, हे मला फोनवरच कळलं. "आम्ही मोहफुलं वेचली, तेंदू तोडला, पोराच्या नशिबी तेच काऊन?" असं ती म्हणाली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भर उन्हात तेंदूची पानं तोडून पुडे बांधणाऱ्या बाईला झाडाचं कौतुक कोणी सांगू नये.

पण मजूर झाड ओळखण्यानं होत नाही. गडचिरोलीत धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाकडे बघा. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला, आणि गावानं आपला बांबू आपण विकला. आपल्या रानात काय आहे, किती आहे, कधी तोडायचं, हे ठाऊक असल्याशिवाय असा कारभार चालत नाही. हाताच्या कामातून शिकवायचं ही कल्पनाही कोणी परदेशातून आणलेली नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली होती ती आपल्याच वर्ध्यात, गांधीजींची नयी तालीम तिथूनच निघाली. आणि ज्या शहरातल्या मुलांचा दाखला देता, त्यांचे आईबाप सुट्टीत निसर्ग शिबिराची फी भरतात. आपल्या आवारात ते फुकट आहे म्हणून त्याची किंमत नाही, एवढंच.

"खेड्यातल्या पोरांना झाडं माहीतच असतात" यात मात्र तथ्य आहे. मोहाचं फूल पहाटे गळतं आणि रात्री त्यावर वटवाघळं येतात, हे मला दुसरीतल्या एका पोरानं सांगितलं, मी त्याला नाही. पण माहीत असणं आणि निरखून पाहणं यात फरक पडतो. मागे मी पोरांना पळसाचं पान आणायला सांगितलं होतं. "पळसाला पाने तीनच" ही म्हण फळ्यावर, तीन-सहा-नऊ असा पाढा चाललेला. एक पोरगी पान घेऊन आली. त्याला दोनच. "बाई, याले दोनच हायेत. म्हण खोटी." सगळा वर्ग तिच्यावर तुटून पडला. ती हटेना. मग ते पान सगळ्यांच्या हातून फिरलं आणि एकाला देठाच्या टोकाशी बारीकशी खूण दिसली, तिसरं दल गळून गेल्याची. त्यावर पोरगी म्हणाली, "मंग गळलेलं मोजाचं का नाई?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुढचा अर्धा तास वर्ग त्यावरच भांडत होता.

राहिला मोबाईल. संदेशात सुचवलेलं ॲप मी मुद्दाम उतरवून घेतलं. पन्नास झाडं आहेत, खोटं नाही. मॅपल आहे, पाइन आहे, ओक तीन प्रकारचा. पळस नाही, मोह नाही, तेंदू नाही. याचा फोटो काढून भाचेसुनेला पाठवला. तिचं उत्तर आलं, "शनिवारी टोपी घालून पाठवते."