आजी अंगठाबहाद्दर होती, बहिरी नव्हती

"एकोणिसाव्या शतकात कामगार निरक्षर, त्यामुळे वर्तमानपत्र हे भाटकार (जमीनदार) आणि वकिलांचंच व्यसन. स्वस्त असूनही मजूर ते घेत नसत. पुढे वाचून बिघडले आणि संप करू लागले. गोव्यात तर १९०० साली 'ओ हेराल्दो' निघेपर्यंत वर्तमानपत्रच नव्हतं." हा मेसेज महिनाभर फिरतोय. फिरू दे म्हटलं होतं. पण ताईनं तो फोंड्याच्या भाचीला दिला, भाचीनं तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात उतरवला आणि वर मलाच विचारलं, "मामा, बरोबर ना?"

नाही गो.

गोव्याचं आधी उरकतो. 'गाझेता द गोवा' १८२१चं, सरकारी. मडगावचं 'ओ उल्त्रामार' १८५९चं, खासगी. 'ओ हेराल्दो' हे पहिलं दैनिक, पहिलं वर्तमानपत्र नव्हे.

डोकं फिरलं ते निरक्षरतेच्या मुद्द्यावर. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. ती सोप्यावर तांदूळ पाखडायला बसे आणि आजोबा 'गोमन्तक' मोठ्यानं वाचत. निधनवार्ता आली की सूप थांबे. "परत वाचा, खंयचो तो?" संध्याकाळी वाड्यावर बातमी पोचवणारी तीच.

क्युबातल्या हवानात १८६५ साली 'एल फिगारो' चिरूट कारखान्यात हेच रीतसर सुरू झालं. हात तंबाखूची पानं वळण्यात गुंतलेले, कान मोकळे. एकानं वाचायचं, त्याची मजुरी बाकीच्यांनी आपल्या पगारातून भरून द्यायची. पुढल्याच वर्षी सरकारनं यावर बंदी घातली. कामगारांपर्यंत काही पोचतच नव्हतं, तर बंदी कशावर?

आणि स्वस्त? इंग्लंडमध्ये १८१५पासून दर अंकावर ४ पेनी मुद्रांक कर होता. गरिबाच्या हाती अंक पडू नये, हाही त्यामागचा हिशेब. हेन्री हेदरिंग्टननं १८३१ मध्ये कर बुडवून 'पुअर मॅन्स गार्डियन' १ पेनीला विकायला काढलं, तेही कायद्याविरुद्ध काढतोय असं अंकावरच छापून. तो तुरुंगात गेला, अंक विकणारे शेकडो जण गेले. १८३६ मध्ये कर १ पेनीवर आला, १८५५ मध्ये संपला. एवढी माणसं काय न खपणाऱ्या कागदासाठी आत गेली?

"वाचून बिघडले" यावर काय बोलायचं? दोन ओळी आधी ते वाचतच नव्हते! मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधु' या वर्तमानपत्रातून गिरणी कामगारांची बाजू मांडत होते, तेही बिघडवणंच असेल मग.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल. 'ओ उल्त्रामार' पोर्तुगीजमध्ये होतं. भाटकारानं बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत बसून खड्या आवाजात वाचलं असतं, तरी माडावर सूर काढणाऱ्या रेंदेराला त्यातलं काय कळणार? 'उदेंतेचें साळक' हे कोंकणी नियतकालिक निघालं ते १८८९ साली, तेही पुण्यात.

भाचीनं भाषण बदललं. हे सगळं घरच्या ग्रुपवरही टाकलं. ताईनं खाली अंगठा दाखवलाय, वाचून की न वाचता, देव जाणे.