बोट कापून घ्यायचंय? आधी हे वाचा

कामगार मित्रांनो, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनमध्ये हात जाणारच असेल तर थोडं प्लॅनिंग करा राव. माझ्या भाच्याने केलं नाही. गेल्या महिन्यात भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर पोराची तर्जनी गेली आणि तेव्हापासून आमचं अख्खं घर झेरॉक्सच्या दुकानात उभं आहे. तुमचं असं होऊ नये म्हणून हे फुकटचे सल्ले.

बोट नीट निवडा. कायद्यात रेट कार्ड छापलंय. अंगठा अख्खा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरतात, तर्जनी १४, मधलं १२, करंगळी ७. तर्जनीचं एकच पेर गेलं तर फक्त ९, त्यामुळे अर्धवट काम करू नका.

रात्रपाळीत नको. दवाखान्यात न्यायला गाडी नसते.

हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रेसचा सेन्सर बंद असेल तर बोलू नका, प्रॉडक्शन कमी होतं. दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकात काडी खोचून ते कायमचं दाबून ठेवलेलं असतं, तीही काढू नका, इनचार्जनेच लावलेली असते.

दवाखान्यात 'गाडीवरून पडलो' म्हणायचं. ठेकेदार पाठ करून घेतो, टेन्शन नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अपघाताच्या आधी तुम्ही नोकरीला लागलेले असा. हसू नका. भाचा गणपतीच्या आधीपासून तिथे राबतोय, दसऱ्याला त्याच प्रेसला झेंडूचा हार घालतानाचा त्याचा फोटो आहे, पण ईएसआयसीच्या, म्हणजे कामगारांचा विमा बघणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, कागदावर तो कामाला लागला बोट गेल्याच्या दुसऱ्या दिवशी! म्हणजे पोराने आधी बोट दिलं आणि मग नोकरी मागितली. बरं, पगारातून ईएसआयचे म्हणजे त्या विम्याचे पैसे दर महिन्याला कापत होते, ते कुठे गेले विचारलं तर कंपनी म्हणते तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो मी फक्त माणसं पुरवतो, आणि ईएसआयसीत गेलं की मालकाचा अपघात रिपोर्ट आणा, आणि रिपोर्ट मागायला गेलं की एचआरवाले साहेब लंचला, चार वाजेपर्यंत लंच करतात हो हे लोक, काय खातात कुणास ठाऊक, कामगारांची बोटंच खात असतील.

बस झाले सल्ले. आता मालक लोकांनी ऐका. ठेकेदाराच्या माणसाचीही ईएसआयची वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची असते, म्हणजे तुमची. तुमचा हिस्सा किती, तर पगाराच्या सव्वातीन टक्के. एकवीस हजारांच्या आत पगार असलेल्या पोरासाठी तेवढेही सुटत नाहीत तुमच्याने? कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात, कामाच्या पहिल्या दिवसापासून हा हक्क आहे, वर्गणी किती भरली ते बघत नाहीत. तुम्ही नोंदणी केली नाही म्हणून त्याचा हक्क जात नाही, ईएसआयसी त्याला पैसे देऊन तुमच्याकडून वसूल करू शकते. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही, चांगलं माहीत आहे, म्हणून तर रातोरात तारखा बदलता. खोटी तारीख टाकताना हात थरथरत नाहीत? पाचही बोटं शाबूत आहेत ना तुमची.

अपघाताचा रिपोर्ट खऱ्या तारखेने भरा, आणि सफरचंदाची पिशवी घेऊन 'दहा हजारात मिटवून टाकू' म्हणणारा तो माणूस परत आमच्या घरी पाठवू नका. पुढच्या वेळी जिन्यातूनच हाकलणारे मी.