एका चन्नम्मात भागतंय, दुसरी कशाला?

गेल्या महिन्यात इथे बेळगावात आमच्या पुतणीने सामान्य ज्ञानाच्या स्पर्धेत एक मार्क घालवला. सातवीतली पोर, मराठी शाळेतली. प्रश्न होता, 'जिंजीला निघालेल्या राजाराम महाराजांना आश्रय देणारी राणी कोण?' तिने लिहिलं, 'केळदीची चन्नम्मा.' तपासणाऱ्यांनी 'केळदीची' या शब्दावर लाल शाईची आडवी रेघ ओढली, वर बारीक अक्षरात 'कित्तूरची' असं लिहिलं आणि बाजूला भोपळा दिला. एका मार्काने नंबर गेला, नंबराबरोबर कंपासपेटी गेली. मी विचारायला गेलो तर आयोजकांपैकी एक गृहस्थ बशीतला कुंदा संपवत म्हणाले, "अहो सर, चन्नम्मा म्हंजे चन्नम्माच की! दोन-दोन कुठनं आणालाय?"

संस्थेचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तुमच्या गावातही अशी एक असेलच.

घरी आलो, जेवलो, पडल्या पडल्या विचार केला आणि मला त्यांचं पटलं. चूक इतिहासाची आहे. इतकी माणसं जन्माला घालायची तर नावंही तेवढी नकोत का? एकेक नाव दोघांना, तिघांना वाटून ठेवलंय आणि लक्षात आम्ही ठेवायचं. माझा धंदा छपाईचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, प्रमाणपत्रं आणि बारा महिने जयंत्या-पुण्यतिथ्यांचे बॅनर. त्यामुळे थोर माणसांचा आणि त्यांचे बॅनर लावणाऱ्यांचा संबंध माझ्याइतका कुणाचा येत नसेल. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. पाळा, सुखी व्हाल.

पहिली गोष्ट, सन बघू नका. सगळी भानगड सन बघण्यातून सुरू होते. नाव एक तर माणूस एक, असं धरून चाला. उदाहरणार्थ शाहू महाराज. साताऱ्याचे शाहू १६८२ साली जन्मले आणि १७४९ साली वारले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८७४ ते १९२२. आता हे दोन वेगळे धरले तर दोन जयंत्या, दोन भाषणं, दोन बॅनर. एक धरले की काम सोपं. महाराज १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटले, बाळाजी विश्वनाथाला पेशवाई दिली, मग जरा दम खाऊन १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. २४० वर्षांचं कर्तृत्ववान आयुष्य. टाळ्या.

यंदा २६ जूनच्या आधी एक कार्यकर्ते मोबाइल घेऊन आले. बॅनरवर घालायला त्यांनी साताऱ्याच्या शाहूंचं जुनं चित्र काढून आणलेलं. मी म्हटलं, हे ते नव्हेत. राजर्षींचे फोटो आहेत, कॅमेऱ्याने काढलेले, चांगले धिप्पाड दिसतात, ते घालू. तर मला म्हणाले, "मामा, खाली नाव शाहू महाराज असंच हाय न्हवं? मग झालं की. आमच्या अध्यक्षांचा फोटो तेवढा मोठा घ्या." अध्यक्षांच्या फोटोबाबत मात्र चूक चालत नाही बरं का. मागे एकदा अध्यक्षांच्या जागी त्यांच्याच नावाच्या चुलतभावाचा फोटो पडला, तर दहा बाय आठचा अख्खा बॅनर माझ्या अंगावर आला.

बाजीराव पहिला की दुसरा हे तर विचारूच नका. एकाने १७२८ साली पालखेडला निजामाला कोंडलं, दुसऱ्याने १८१८ साली राज्य इंग्रजांच्या हवाली केलं. सरासरी काढा, बरा पेशवा निघतो.

राजाराम महाराज कुठे वारले? १७०० साली सिंहगडावर आणि, कोल्हापूरचे राजाराम धरले तर, १८७० साली इटलीत फ्लॉरेन्सला. दोन्ही लिहा, परीक्षक काय ते बघतील.

बाळ गंगाधर हे नाव तर खास बचतीसाठीच बनवलेलं आहे. बाळ गंगाधर जांभेकर, बाळ गंगाधर टिळक, बाळ गंगाधर खेर. तिघेही त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे गावावरून पकडायचीही सोय नाही. पहिल्यांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं. दुसऱ्यांनी १९१६ साली आमच्या बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. तिसरे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, त्या वेळी बेळगावही मुंबईतच होतं. एकाच बाळने वर्तमानपत्र काढायचं, त्याच बाळने स्वराज्य मागायचं आणि मिळालं की त्याच बाळने खुर्चीत बसायचं. असा सलग माणूस अलीकडे बघायला मिळत नाही.

संगीताची आवड असेल तर गंधर्व हे आडनाव समजा. आधी बालगंधर्व, वय वाढल्यावर कुमार गंधर्व, आणि प्रौढपणी सवाई गंधर्व, एकाच माणसाची वाढ. नारायण श्रीपाद राजहंस, सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळीमठ आणि कुंदगोळचे रामभाऊ हे तीन निरनिराळे देह होते, पैकी दोघे तर आपल्या याच मुलखातले, हे बोलून कुणाचं मन दुखवू नका. सुळेभावी बेळगावच्या उंबऱ्यावर आहे. तिथून कापड घेऊन येणाऱ्या एका गृहस्थांनी मला, "कुमार म्हंजे बालगंधर्वांचेच चिरंजीव न्हवं?" असं विचारलं होतं. मी हो म्हटलं. त्या दिवशी फार ऊन होतं.

भास्कराचार्यही दोन आहेत. एक सातव्या शतकातले आणि एक १११४ साली जन्मलेले. पण भांडायला एकच पुरतो. दुसऱ्याचं गाव विजापूरकडचं की चाळीसगावजवळच्या पाटणचं, एवढंच लावून धरा. गणित कुणी केलं हा प्रश्न सीमाभागात येत नाही.

एकच व्यक्ती असली तरी निराश होऊ नका, नुसतं आडनाव जुळलं तरी चालतं. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. सेंट जॉन थॅकरे, अस्सल गोरा. पण इंग्रजी स्पेलिंग बघा आणि मराठीत ठाकरे वाचा. कित्तूर उत्सव जवळ आला की कुणीतरी मोबाइलवर 'चन्नम्माने ठाकरेला मारलं' असं पाठवून देतोच. तिकडचे खूश, इकडचे पेटलेले. दोन दिवस सगळ्यांचा वेळ छान जातो. त्यातल्या एकालाही तो कलेक्टर कोण होता याची चौकशी करावीशी वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चन्नम्मा.

कित्तूरची चन्नम्मा १७७८ साली काकतीत जन्मली. काकती म्हणजे बेळगावातून कोल्हापूरला जाताना हायवेवर लागतं तेच. १८२४ साली इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला तेव्हा ती लढली, पकडली गेली, १८२९ साली बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत वारली. तिच्यासाठी झुंजत राहिलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली आमच्या खानापूर तालुक्यात नंदगडला फाशी दिलं. तिच्या नावाची रेल्वे आहे, विद्यापीठ आहे, चौक आहे, दिल्लीत संसदेच्या आवारात पुतळा आहे. असायलाच पाहिजे. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही.

आणि राजाराम महाराज वारले १७०० साली. म्हणजे त्या परीक्षकांच्या हिशेबाने, महाराज गेल्यावर ७८ वर्षांनी जन्मणाऱ्या बाईने त्यांना आधीच घरात घेतलं होतं. पाहुणचार असावा तर असा.

दुसरी चन्नम्मा केळदीची. आजच्या शिमोगा जिल्ह्यातलं केळदी. नवरा गेल्यावर तिने राज्य हातात घेतलं आणि पंचवीसेक वर्षं चालवलं. १६८९ साली संभाजी महाराजांना मारल्यावर राजाराम महाराज वेष बदलून जिंजीला निघाले. मागावर औरंगजेबाची माणसं. त्या वेळी दक्षिणेत औरंगजेबाला नाही म्हणायची छाती कुणाची होती? विजापूर बुडालेलं, गोवळकोंडा बुडालेला. या बाईने महाराजांना आपल्या मुलखात घेतलं, सुखरूप पुढे जाऊ दिलं. औरंगजेबाने फौज पाठवली. ती फौजेला भिडली, पण पाहुण्याला धरून दिलं नाही.

कन्नड राणी. मराठ्यांचा छत्रपती. अहो, आपल्याकडे पाटीवर कन्नड वर की मराठी वर, कुणाचं अक्षर किती इंच, हे गिऱ्हाईक माझ्यासमोर पट्टी लावून मोजतं. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा एका 'वी'साठी आपण काय काय केलं आठवा. दर वर्षी त्याच तारखेला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, त्यांचे झेंडे आणि आपल्या काळ्या फिती, दोन्ही मीच छापतो, मला कळतं कोण किती पोटतिडकीने येतं. आणि ज्या बाईचं नाव दोन्ही बाजूंनी डोक्यावर घेऊन नाचावं, मराठी माणसाने तर आधी, तिला आपण पेपर तपासताना लाल रेघेखाली मारून टाकतो. का? तर दुसरी जास्त प्रसिद्ध आहे, चौकात पुतळा आहे, येता-जाता दिसते. केळदीला जायला लांब पडतं.

आणि हे सगळं आपल्याला जमत नाही असं थोडंच आहे! आमच्या गल्लीत तीन परशराम आहेत. टेलर परशराम, खालच्या आळीतला परशराम आणि मिलिटरी परशराम. आजवर एकाचं लग्नाचं आमंत्रण दुसऱ्याला गेलेलं नाही. वाड्यातल्या चार वर्षांच्या पोरालाही कोणता परशराम चॉकलेट देतो ते पक्कं ठाऊक असतं. जमिनीच्या उताऱ्यावर तुमच्या नावाचा दुसरा कुणी घुसला तर काय करता? बापाचं नाव, आज्याचं नाव, सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, सगळं घेऊन तालुक्याला धावता. अर्ध्या गुंठ्यासाठी चष्मा पुसून कन्नड अक्षर न् अक्षर लावता. तिथे नाही कुणी म्हणत, परशराम म्हंजे परशरामच की. लाईट बिल दुसऱ्याचं आलं तर वायरमनच्या घरी जाता. साठ रुपयांचा फरक असला तरी जाता.

साठ रुपयांसाठी बापाचं नाव विचारता आणि राणीचं गाव विचारायला तुम्हाला वेळ नाही.

नाव पुन्हा ठेवतात ते कशासाठी, हे तरी घरात कुणाला विचारा. शिवाजी महाराजांचे थोरले भाऊ संभाजी कनकगिरीला मारले गेले. कनकगिरी आज कर्नाटकात, कोप्पळ जिल्ह्यात आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी महाराजांना मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी. गेलेल्या माणसाची आठवण घरात हिंडती-फिरती राहावी म्हणून आपल्याकडे नाव ठेवतात. माझ्या पुतणीचं नावही माझ्या आईचं आहे. उद्या कुणी दोघींना एकच धरलं तर माझी आई मेली की पुतणी जन्मली नाही, काय समजायचं? पण त्या थोरल्या संभाजींबद्दल कुणी एका वाक्यापलीकडे बोलताना मी ऐकलेलं नाही. त्यांचंही तेच झालं. पुतण्या मोठा निघाला, काका गेला.

असो. उपदेश करायला बसलो होतो, उपदेश राहिलाच. आता सरळच बोलतो.

तुम्हाला माहीत नव्हतं, हा गुन्हा नाही. मलाही सगळं ठाऊक नसतं, मलाही प्रूफ तपासताना चार पुस्तकं उघडावी लागतात. पण सातवीतल्या पोरीने बरोबर लिहिलं, तेव्हा पेपर तपासणाऱ्या तीन मोठ्या माणसांपैकी एकालाही, ही 'केळदी' म्हणते ती कुठली बरं, असं एकदा बघावंसं वाटलं नाही? खिशात मोबाइल होता ना? त्यावर दिवसभर काय बघत होता? आणि मी शाळेचं पुस्तक घेऊन आलो, पान उघडून पुढ्यात ठेवलं, तेव्हा तुम्ही पुस्तकाकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं. "बक्षिसं वाटून झालीत, आता कशाला वाद?" वाद मी घातला नव्हता. मार्कही मला नको होता, कंपासपेटी मी तिला त्याच संध्याकाळी आणून दिली. तिच्या पेपरावरची ती लाल रेघ पुसायची होती, तुमच्या हाताने, तिच्यासमोर. एवढंही जमलं नाही तुम्हाला. लाज वाटली पाहिजे. पोरगी आता मला विचारते, पुढच्या वेळी पुस्तकातलं लिहू की त्यांच्या मनातलं लिहू.

त्या स्पर्धेची प्रमाणपत्रं माझ्याच प्रेसमध्ये छापली होती. सोनेरी बॉर्डर, दोनशे प्रती, अर्धे पैसे अजून यायचे आहेत. पुढच्या वर्षीची ऑर्डर द्यायला याल तेव्हा आधी प्रश्नपत्रिका आणि उत्तरं घेऊन या. मी वाचणार, मग मशीन सुरू होणार. नको असेल तर शहापुरात प्रेस पुष्कळ आहेत. आणि आधीची बाकी घेऊन या.