ट्रेबल वाढवण्याआधी दहा मिनिटं गप्प बसा

गणपतीत बेळगावच्या गल्ल्यांमधून एक वाक्य हमखास कानावर येतं : "भजनाचा आवाज बसका येतोय, जरा ट्रेबल वाढव की." ट्रेबल म्हणजे आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग. ऑपरेटर वाढवतो. अर्ध्या तासानं दुसरं कुणीतरी तेच सांगतं, तो परत वाढवतो. सकाळी त्याच सेटिंगवर आरती लावली की 'स' आणि 'श' सहन होत नाहीत. मग बिचाऱ्या मशिनला शिव्या. रात्रीतून मशिनमध्ये काहीच बदललेलं नसतं, बदललेला असतो कान.

आपण कुठलाच आवाज कोऱ्या कानानं ऐकत नाही. आत्ता ऐकलेल्यावर पुढचं तोललं जातं. कुंदा खाऊन चहा घेतला की चहा अगोड लागतो, तसंच. एखाद्या पट्टीतला आवाज सतत आदळत राहिला की त्या पट्टीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी थंडावतात आणि पुढच्या आवाजात तोच भाग कमी असल्याचा भास होतो. तासभर डॉल्बीचा बेस ऐकून पेटी ऐकली की ती पातळ वाटते. पेटी बरोबरच असते. पण तिथेच कुणीतरी बेस वाढवतो, आणि मग डग्ग्याची घुमी आणि गायकाचा खर्ज एकात एक मिसळतात.

हे सगळं कानाच्या थकव्यानंच होतं असंही नाही. 1957 मध्ये लॅडफोगेड आणि ब्रॉडबेंट या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. एकच तयार केलेला शब्द, त्याच्या आधी एक वाक्य. त्या वाक्यातल्या अ, इ, ए अशा स्वरांची ठेवण तेवढी बदलली. शब्दाला हात न लावताही लोकांनी इंग्रजी 'बिट'च्या जागी 'बेट' ऐकला. म्हणजे बोलणाऱ्याचा गळा कसा आहे याचं माप कान आधीच्या शब्दांवरून घेतो आणि पुढचा शब्द त्या मापानं वाचतो.

पेटी वाजवणाऱ्यांसाठी याहून सुंदर प्रयोग आहे, घरी करता येतो. ऑडॅसिटी या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये सहा साधे साइन टोन (एकाच कंपनसंख्येचे शुद्ध सूर) एकत्र करून एक स्वर बनवा. पांढरी एकसाठी 65.4, 130.8, 261.6, 523.3, 1046.5 आणि 2093 हर्ट्झ. मधल्या दोघांची पातळी 0.12, त्यांच्या शेजारच्यांची 0.06, टोकांची 0.02. लांबी 0.2 सेकंद, सुरुवातीला आणि शेवटी 10 मिलिसेकंदांचा फेड, नाहीतर टक् असा आवाज येतो आणि कान तिकडेच जातो. तसाच काळी तीनचा स्वर : 92.5, 185, 370, 740, 1480, 2960. पांढरी एकला सा धरलात तर हा तीव्र मध्यम. सप्तकाच्या बरोबर मधोमध, वरून मोजा की खालून, सहाच अर्धस्वर. त्यामुळे हे दोन स्वर लागोपाठ वाजवले की एकाला ते चढताना ऐकू येतात आणि शेजारी बसलेल्याला उतरताना. असे स्वर रॉजर शेपर्ड यांनी 1964 मध्ये दाखवले, आणि या जोडीचा पेच डायना डॉइच यांनी 1986 मध्ये.

आता खरी गंमत. जोडीच्या आधी काळी दोनचा तसाच स्वर (77.8, 155.6, 311.1, 622.3, 1244.5, 2489) पाच वेळा वाजवा, अर्धा सेकंद थांबा, मग जोडी. बहुतेकांना ती चढती ऐकू येते. काळी दोनच्या जागी पांढरी सहा (55, 110, 220, 440, 880, 1760) ठेवा, तीच जोडी उतरती होते. आधीचा स्वर ज्या बाजूला पडला, त्या बाजूनं कान वाट काढतो. 2017 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या संशोधनात मध्ये काही सेकंदांची शांतता गेली तरी हा परिणाम टिकला होता. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. मोबाइलच्या स्पीकरमधून खालचे टोन बाहेरच पडत नाहीत, म्हणून हेडफोन लावा. आणि सहाही टोन एकाच पातळीवर ठेवले तर टोकाचा टोन वर गेला की खाली ते कळतं आणि पेच उरतच नाही.

हे समजलं की मंडपातली बरीच भांडणं मिटतील असं मला मनापासून वाटतं.

भजनात शब्द कळत नाहीत ही तक्रार घ्या. मोठा आवाज थांबल्यावर साधारण 200 मिलिसेकंदांपर्यंत त्याच पट्टीतला हलका आवाज झाकला जातो. मिनिटाला 120 मात्रांची लय धरा, एक मात्रा 500 मिलिसेकंदांची झाली. टाळ दुगुणीत वाजतोय, म्हणजे दर 250 ला एक ठोका. टाळाचा झणत्कार असतो वरच्या पट्टीत आणि 'त', 'स', 'च' ओळखू येतात तेही तिथूनच. टाळाच्या मागोमाग आलेलं व्यंजन बुडतं, स्वर तेवढा उरतो. अशा वेळी मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजावर, ट्रेबल वाढवणं म्हणजे टाळालाच बळ देणं. टाळकऱ्यांना गायकाच्या माइकपासून दोन-तीन मीटर मागे आणि माइकच्या पाठीकडे उभं करा. माइक तोंडापासून चार बोटांवर. एवढं करून पाहा, नॉबला हात लावावा लागणार नाही.

मिरवणुकीनंतर लगेच भजन ठेवू नका, हे माझं ठाम मत. कानासाठीचा ठोकताळा असा : 85 डेसिबलला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे 100 डेसिबलला 15 मिनिटं. ढोल-ताशाच्या पथकाजवळ 100 सहज ओलांडले जातात. त्यानंतर 4000 हर्ट्झच्या आसपास कान तात्पुरता मंदावतो, पूर्ववत व्हायला काही तास लागतात, कधी दिवसही. त्या कानानं केलेलं सेटिंग चुकणारच. विसर्जनाला कपिलेश्वर तलावापर्यंत ढोलाबरोबर चालत गेलेल्या माणसानं त्या रात्री मिक्सरवर बसूच नये. ताज्या कानाचा दुसरा माणूस ठेवा, आणि पथकात वाजवणाऱ्या पोरांना इअरप्लग द्या.

साउंड चेकही दुपारी, शांततेत करावा. आधी दहा मिनिटं सगळं बंद. मग ओळखीचं एकच रेकॉर्डिंग, अर्धा मिनिट, दरवेळी तेच. दोन सेटिंग ताडून बघायच्या तर दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा करून घ्या, कारण किंचित मोठं असलेलंच कानाला गोड लागतं. आधी अ मग ब ऐका, नंतर ब मग अ. क्रम उलटल्यावर निकालही उलटला तर फरक सेटिंगमध्ये नव्हता, क्रमात होता. चांगलं सेटिंग सापडलं की मिक्सरचा फोटो काढून ठेवा, आणि रात्री कुणी काही म्हटलं तर आधी फोटो बघा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते, ती दोन भाषांमुळे. एकाच माइकवरून आधी कन्नड, मग मराठी. 1977 मध्ये एल्मन, डील आणि बुख्वाल्ड यांनी स्पॅनिश-इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांवर प्रयोग केला. 'प' आणि 'ब' यांच्या मधला तोच ध्वनी स्पॅनिश वाक्यानंतर 'प' आणि इंग्रजीनंतर 'ब' ऐकला गेला. कन्नडात ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, तसाच ओ. मराठीत तो भेद नाही. कन्नड घोषणा संपता संपता लगेच "गाडी नंबर" सुरू केलं तर पहिले एक-दोन शब्द भाषा आणि आवाज ओळखण्यातच जातात. म्हणून निवेदकांना एक विनंती. भाषा बदलताना दोन सेकंद थांबा. "मंडळी, इकडे लक्ष द्या" असं बिनमहत्त्वाचं वाक्य आधी टाका आणि हरवलेल्या मुलाचं नाव त्याच्या नंतर घ्या. नाव दोनदा, दुसऱ्यांदा त्याच चालीत. आणि घोषणेच्या आधीची ती टिंगटाँग घंटा आवाजाहून मोठी ठेवू नका. ती संपल्यावर किमान एक सेकंद मोकळा जाऊ दे, मग बोला.